साताऱ्यात नव्यानं राहायला आलात? मृगाच्या आत घर, गाडी आणि घाटाची तयारी अशी करा

बदली होऊन, एमआयडीसीत नोकरी लागून किंवा पुण्यातल्या भाड्याला कंटाळून साताऱ्यात आलेली मंडळी पहिल्या महिन्यात हमखास विचारतात, "इथं पाऊस कसा असतो?" इथला माणूस त्यावर उलट विचारतो, "कुठला? वरचा का खालचा?" महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा पडला तरी लोक समाधानी असतात. सातारा शहर या दोहोंच्या मध्ये आहे. सकाळी पश्चिमेला मेढ्याच्या बाजूला धुक्यात वायपर लावून गेलेली गाडी दुपारी माणमधल्या दहिवडीच्या उन्हात उभी असते. म्हणून मुंबई-पुण्याच्या हिशोबानं केलेली तयारी इथं अर्धी कमी पडते आणि अर्धी वाया जाते.

इथली मुदत मात्र सगळ्यांना एकच. मृग नक्षत्र लागतं ते ७-८ जूनला. घराची, गाडीची, धान्याची कामं त्याच्या आत उरकायची. मे महिन्यात फोन केला तर गवंडी, पत्रेवाला, वायरमन "उद्या येतो" म्हणतात आणि परवा तरी येतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ते फोनच उचलत नाहीत, कारण तेव्हा अख्खं गाव एकदम गळायला लागलेलं असतं.

पायरी १ : घर बघतानाच पश्चिमेची भिंत बघा

बहुतेक लोक भाड्याचं घर उन्हाळ्यात बघतात. तेव्हा सगळंच कोरडं आणि छान दिसतं. इथला पाऊस नैऋत्य-पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून घराची त्या अंगाची भिंत आधी बघायची. एकाच भिंतीला नवा रंग आणि बाकी तीन जुन्या असतील तर मालकांना सरळ विचारा. भिंतीतल्या कपाटाचं दार उघडून आत नाक घाला, ओलीचा वास उन्हाळ्यातही जात नाही. स्विचबोर्डच्या खाली पिवळट ओघळ आहेत का, खिडकीच्या वर छज्जा आहे का, गच्चीवरच्या पाण्याला बाहेर जायला किती वाटा आहेत, हेही बघा. गच्चीला एकच वाट असेल आणि शेजारी झाड असेल, तर पावसाळ्यात तुमचा एक कायमचा उद्योग ठरला.

दुसरा प्रश्न पाण्याचा. नळाला पाणी कधी सुटतं आणि किती वेळ टिकतं, हे मालकांपेक्षा शेजारच्या काकूंना विचारा. शहराच्या मोठ्या भागाला कास तलावाचं आणि उरमोडीचं पाणी येतं. पहिला जोराचा पाऊस झाला की नळाला गढूळ पाणी येऊ शकतं, तेव्हा खाली हौद आणि वर टाकी, दोन्ही असलेलं घर केव्हाही बरं.

गाडी कुठं लावणार तेही आत्ताच ठरवा. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या पेठांत उतारावर गाडी लावायची वेळ येते. तिथं गाडी गिअरमध्ये ठेवून पुढची चाकं कडेच्या कट्ट्याकडे वळवून ठेवायची सवय लावून घ्या.

पायरी २ : मे महिन्याचा घरातला फेरा

पहिलं काम गच्चीवर. पालापाचोळा, फुटक्या कुंड्या, मागच्या दिवाळीतल्या आकाशकंदिलाचे सांगाडे खाली आणा. पाण्याच्या वाटांवर जाळी बसवा आणि दोन बादल्या पाणी ओतून ते किती वेळात निघून जातं ते बघा. पाणी जिथं साठून राहतं तिथंच पुढं गळतं. कोब्यातल्या बारीक भेगा कोरड्या असतानाच भरल्या जातात, ओल्या गच्चीवर लावलेलं वॉटरप्रूफिंग म्हणजे पैसे पावसात टाकणं. पत्र्याचं शेड असेल तर हुकाखालचे वायसर बघा. रबर कडक होऊन चिरलं की थेंब तिथूनच येतो, आणि लोक मात्र पत्राच बदलायला निघतात.

विजेचं काम वायरमनकडून करून घ्या, पण दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत. मेन बोर्डात आरसीसीबी, म्हणजे वीज कुठं गळली की पुरवठा तोडणारा खटका, असेल तर त्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं. खटका पडला पाहिजे. पडला नाही तर तो खटका शोभेचा आहे, बदलून घ्या. नसेलच, तर मालकांशी बोलून बसवून घ्या. ओल्या भिंतीच्या घरात त्याच्याइतका उपयोगी खर्च दुसरा नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला आणि तेही खुणेपर्यंतच. वीज गेली तर महावितरणचा १९१२ नंबर आहे. पश्चिमेच्या बाजूला, यवतेश्वरकडं किंवा मेढ्याकडं राहात असाल, तर झाडं पडून वीज जाणं हे पावसाळ्याचं नेहमीचं आहे, म्हणून मोबाईलची पॉवर बँक संध्याकाळीच भरून ठेवा.

गॅसची नळी बघा. नारिंगी सुरक्षा नळीवर मुदत छापलेली असते, ती साधारण ५ वर्षांची. सिलिंडर घेताना कड्याखालच्या पट्टीवर एक अक्षर आणि साल असतं. 'ए' म्हणजे जानेवारी ते मार्च, 'बी' एप्रिल ते जून, 'सी' जुलै ते सप्टेंबर, 'डी' ऑक्टोबर ते डिसेंबर. ती तारीख उलटलेला सिलिंडर उतरवूनच घेऊ नका. टाकीत किती गॅस उरलाय हे बघायचं असेल तर ओलं फडकं टाकीवरून उभं फिरवा. जिथं पातळ गॅस आहे तिथला भाग उशिरा वाळतो. गळतीचा वास आला तर बटणाला हात लावायचा नाही, चालू दिवा बंदही करायचा नाही. रेग्युलेटर बंद करायचा, खिडक्या उघडायच्या आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन लावायचा.

आता एक काम, जे बाहेरून आलेल्यांच्या डोक्यातच नसतं. कोयनेचा मोठा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ ला, आणि त्या भागात लहान धक्के अजूनही बसतात. पाटण-कोयनानगरच्या लोकांना त्याची सवय आहे, साताऱ्यातही कधी कधी भांडी वाजतात. उंच कपाट, फ्रिजवरचे डबे, पलंगाच्या डोक्यावरची फळी याकडं एकदा त्या नजरेनं बघा. कपाटाला मागून एल आकाराची पट्टी मारून ते भिंतीला स्क्रूनं धरायचं. पलंगाच्या वर काचेची तसबीर नको. घरात लहान मूल असेल तर हे काम आजच करा.

पायरी ३ : डबे, पीठ आणि कपडे

वर्षाचं धान्य भरायची पद्धत इथं अजून आहे आणि ती मोडू नका, फक्त नीट करा. गहू-ज्वारी मे महिन्यात कडक उन्हात दोन दिवस द्यायची आणि पूर्ण थंड झाल्यावरच कोठीत भरायची. गरम धान्य भरलं की आत वाफ धरते आणि किडा तिथूनच सुरू होतो. मध्ये मध्ये वाळलेला कडुलिंबाचा पाला. तुरीच्या डाळीला आणि तांदळाला एरंडेलाचा हलका हात. कोरेगावकडचा वाघ्या घेवडा मिळाला तर तोही वाळवून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. भौगोलिक मानांकन मिळालेला घेवडा आहे, किड्याला द्यायचा नाही.

ज्वारीचं पीठ पावसाळ्यात आठवड्यापुरतंच दळून आणा. दमट हवेत पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, लवकर जाते, मग भाकरी थापताना चिरते आणि दोष नव्या सुनेला मिळतो. विरी गेलेलंच पीठ वापरायची वेळ आली तर पाणी उकळून पिठात ओता, झाकून ठेवा आणि कोमट झाल्यावर मळा. थापता येते.

मिठात थोडे तांदळाचे दाणे टाकले की ते ओल ओढून धरतात. काडेपेटीही तशीच डब्यात ठेवा. गुळाला पाणी सुटतं, त्यामुळं मोठी ढेप आणू नका. पावसाळ्यापुरता गूळ फोडून घट्ट डब्यात ठेवा आणि ओला चमचा त्यात घालू नका. पापड-कुरडया मऊ पडल्या तर गरम तव्यावर क्षणभर टाकून काढा.

कपड्यांचं दुखणं सगळ्यात मोठं. सतत झड लागली की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. कपडे मशीनमध्ये दोनदा पिळा, मग पंख्याखाली एकेक हात अंतर ठेवून वाळत घाला. जवळजवळ टांगलेले कपडे वाळत नाहीत, कुबट होतात. शेवटचा ओलावा इस्त्रीनं काढा आणि इस्त्रीची ऊब जाईपर्यंत कपाटात ठेवू नका. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा, मागून हवा खेळली की निम्मी बुरशी होतच नाही. चामड्याचे बूट-पट्टे जूनमध्येच पुसून, कागद भरून, वरच्या खणात. रेशमी साड्या सुती कापडात बांधा, प्लास्टिकच्या पिशवीत नको.

भिंतीवर बुरशी आलीच तर एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी असं करून पुसा, तोंडाला रुमाल आणि खिडकी उघडी. ब्लीचमध्ये संडास धुवायचं ॲसिड किंवा व्हिनेगर कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू तयार होतो. दारं फुगून घासायला लागली तर रंधा लगेच मारू नका, दिवाळीनंतर तेच दार सैल होतं. घासणाऱ्या कडेला मेणबत्ती चोळा.

गढूळ पाणी आलं तर तुरटीचा खडा हंड्यात चार-पाच वेळा फिरवा, गाळ बसू द्या, वरचं पाणी अलगद काढा आणि मग उकळा. तुरटीनं गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. हे दोन्ही वेगळं काम आहे.

दाराबाहेर ठेवलेले बूट-गमबूट आपटून मगच पाय घाला. पावसात बिळांत पाणी शिरलं की साप-विंचू आडोसा शोधतात. साप चावला तर कापू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडं तर अजिबात नाही. माणसाला चालवू नका, तो अवयव हलू देऊ नका आणि १०८ बोलावून सरकारी दवाखाना गाठा. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय हे जिल्ह्याचं मोठं सरकारी रुग्णालय आहे, त्याचा रस्ता घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या.

पायरी ४ : गाडी गॅरेजला न्यायच्या आधी स्वतः बघा

टायरपासून सुरुवात करा. टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात. २२२३ असं असेल तर तो टायर २०२३ च्या बाविसाव्या आठवड्यात तयार झालाय. खोबणींच्या तळाशी बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली म्हणजे १.६ मिलिमीटरच उरली. कायद्यानं ती शेवटची हद्द आहे, पण घाटात पावसात जायचं असेल तर मी म्हणेन, त्याच्या दुप्पट जाडी असतानाच टायर बदला. कडेला भेगा पडलेला टायर नक्षी चांगली असली तरी बाद. हवा गाडी थंड असताना भरा, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आकडा असतो तेवढी. पंपावरचा मुलगा "सगळ्यांना पस्तीस भरतो" म्हणाला तरी स्टिकरचंच ऐका.

स्टेपनीत हवा आहे का? हा प्रश्न विचारला की बरेच जण विषय बदलतात. एकदा घराच्या अंगणात चाक काढून बसवून बघा. नट आधी चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे, मग जॅक लावायचा. उलटं केलं की चाक फिरतं आणि गाडी जॅकवरून घसरते. नट घट्ट करताना एक सोडून एक, समोरासमोरचे.

वायपरची रबरं दर मे महिन्यात बदला. उन्हाळ्याच्या उन्हानं ती चिरतात आणि पहिल्या पावसात काचेवर नुसते फराटे ओढतात. रबरं नवी असूनही फराटे येत असतील तर दोष काचेवरच्या तेलकट थराचा. भांडी घासायच्या लिक्विडनं काच आतून-बाहेरून धुवा.

काच धुकटते तेव्हा आधी बोट लावून बघा, धुकं आतल्या बाजूला आहे का बाहेरच्या. आतलं असेल तर एसी चालू, हवेचा झोत काचेवर आणि बाहेरची हवा आत घ्यायचं बटण. बाहेरून असेल तर काच जास्त गार झालीय, एसी कमी करा आणि वायपर फिरवा. अर्धी मंडळी दोन्ही वेळेला फडक्यानं काच पुसत बसतात आणि तेही एका हातानं गाडी चालवत.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुकटी आली असेल तर खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या ब्रशनं घासा, कोरडं करा, वर व्हॅसलिन लावा. दारांच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, त्यात चिखल बसला की पाणी आत साठून पत्रा गंजतो. काडीनं मोकळी करा. वायपरखालच्या जाळीत अडकलेली पानंही काढा.

दुचाकीवाल्यांसाठी थोडक्यात : चेन धुऊन तेल दर आठवड्याला, पुढचा ब्रेक एकटा कधीच दाबायचा नाही, रेनकोट दोन तुकड्यांचा. हेल्मेटची काच आतून धुकटते, तिला साबणाचा पुसट हात फिरवून कोरड्या कापडानं पुसली की तासभर तरी साफ राहते.

पायरी ५ : घाट

साताऱ्यात राहून घाट टाळता येत नाही. पुण्याकडं खंबाटकी, पाचगणीला पसरणी, कासला यवतेश्वर, मेढ्यावरून महाबळेश्वरला केळघर, चिपळूणला कुंभार्ली, पोलादपूरला आंबेनळी. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा असला तरी उतरण्याचा नियम एकच : ज्या गिअरमध्ये चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. वेग इंजिनानं धरायचा, ब्रेक फक्त वळणाच्या आधी. पेट्रोल वाचतं म्हणून न्यूट्रल करून उतरणारे अजून भेटतात. नव्या गाड्यांत ते वाचतही नाही, कारण गिअरमध्ये पाय काढला की इंजेक्शन आपोआप बंद होतं. वर इंजिन बंद करून उतरलात तर ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.

ऑटोमॅटिक गाडीवाले 'डी'मध्येच उतरतात, हे पसरणीत रोज दिसतं आणि जळक्या ब्रेकच्या वासानंही कळतं. एल, २ किंवा मॅन्युअल मोड त्याच्यासाठीच दिलाय. इलेक्ट्रिक गाडी असेल तर महाबळेश्वरला ती शंभर टक्के चार्ज करून निघू नका. भरलेल्या बॅटरीत उतारावरची वीज मावत नाही, मग सुरुवातीचा सगळा भार साध्या ब्रेकवर येतो.

ब्रेक तापून पायाखाली मऊ लागायला लागला तर रुंद जागा बघून थांबा. चाकावर पाणी ओतू नका. गाडी गिअरमध्ये, चाकामागं दगड, आणि अर्धा तास निवांत. जाताना तो दगड उचलून कडेला टाका. आपल्या रस्त्यांवरचे निम्मे दगड डोंगरातून पडलेले नसून आपल्याच लोकांनी चाकाला लावून तिथंच सोडलेले आहेत.

अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. आंधळ्या वळणावर दिवसा हॉर्न, रात्री अप्पर-डिपर. धुक्यात लाइट डिपरवर ठेवा, अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. चालत्या गाडीला चारी इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही वळणार का थांबलात तेच कळत नाही. वळणावर माकडांना केळी द्यायला थांबणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं.

खंबाटकीत साताऱ्याहून पुण्याला जाताना बोगदा लागतो आणि पुण्याहून येताना घाट चढावा लागतो, अशी जुनी रचना. बोगद्यानंतर उतारावर एस आकाराची वळणं आहेत, तिथं वेग आपोआप वाढतो आणि अपघातांसाठी ती जागा कुप्रसिद्ध आहे. नव्या बोगद्यांच्या कामामुळं वाहतूक बदलत राहते, म्हणून तिथं मोबाईलपेक्षा रस्त्यावरची पाटी वाचा.

जुलैत अतिवृष्टीचा इशारा असेल तर आंबेनळी, केळघर, कुंभार्लीचा बेत सरळ पुढं ढकला. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरात एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवसांत पाटण तालुक्यात डोंगर खचून घरं गाडली गेली. कडेनं वाहणारं पाणी एकाएकी लाल-गढूळ झालं, किंवा बारीक खडे घरंगळायला लागले, तर तिथं थांबून फोटो काढायचा नाही. मागं फिरायचं.

फरशी पुलांचंही तसंच. कृष्णा, वेण्णा, उरमोडी आणि त्यांच्या ओढ्यांवर असे कमी उंचीचे पूल गावोगावी आहेत. वरून पाणी जात असेल तर "रोजचाच रस्ता आहे" म्हणून घालू नका, खालची फरशी जागेवर आहे का ते पाण्यावरून दिसत नाही. साध्या साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी गेलं असेल तर त्या एका स्टार्टरनं इंजिनच खलास होतं. ढकलून बाहेर काढा आणि मेस्त्रीला बोलवा.

ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढं बसायचं, लांबचा रस्ता बघायचा, मोबाईल खिशात. रिकाम्या पोटी नको आणि तर्रीची मिसळ चापूनही नको. आल्याचा तुकडा किंवा आवळासुपारी बऱ्याच जणांना चालते.

पायरी ६ : एसटी, रेल्वे, टोल

पुण्याला एकट्यानं जायचं तर एसटी केव्हाही परवडते. विनावाहक गाडीचं तिकीट आधी खिडकीवर काढावं लागतं, गाडीत चढून "दोन स्वारगेट" म्हणून चालत नाही. महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं भाडं आणि ७५ वर्षांवरच्या आजी-आजोबांना मोफत प्रवास आहे, वयाच्या पुराव्यासाठी आधार कार्ड जवळ ठेवा. महाबळेश्वरच्या गाडीवर 'मेढामार्गे' का 'वाईमार्गे' ते वाचूनच चढा. मागच्या चाकावरची जागा घाटात टाळा. रेल्वे स्टेशन शहरात नसून माहुलीच्या बाजूला आहे, तेव्हा रिक्षाचा वेळ धरून निघा.

स्वतःच्या गाडीनं जाणाऱ्यांना पुण्यापर्यंत आनेवाडी आणि खेड-शिवापूर असे दोन टोलनाके, कऱ्हाडकडं तासवडे. ऑगस्ट २०२५ पासून खासगी गाड्यांना राष्ट्रीय महामार्गांसाठी वर्षाचा किंवा २०० फेऱ्यांचा, जे आधी संपेल ते, फास्टॅग पास मिळतो; सुरुवातीला तो ३,००० रुपयांना होता. एक नाका ओलांडला की एक फेरी धरतात. दर शनिवार-रविवारी घरी जाणाऱ्याचे पैसे त्यात लवकर वसूल होतात. महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३.

पायरी ७ : पूर्वेकडं आणि कासकडं

माण-खटाव-फलटणकडं जाताना पाणी दुप्पट घ्या आणि निघायच्या आधी कूलंट बघा, तेही इंजिन थंड असतानाच. तिकडचा खरा शत्रू बाभळीचा काटा. ट्यूबलेस टायरमध्ये तो रुतून राहतो आणि हवा अगदी सावकाश जाते. रस्त्यात उपसून काढू नका, हवा भरत भरत पंक्चरच्या दुकानापर्यंत न्या. वळीव पडला की काळ्या मातीचे ट्रॅक्टर डांबरावर चिखल आणून सोडतात, त्यावर दुचाकी साबणावरून गेल्यासारखी जाते.

कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. फुलं साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. हंगामात आधी ऑनलाइन नोंदणी करा, मधल्या वारी जा आणि सकाळी लवकर निघा. रविवारी अकरा वाजता यवतेश्वर घाटात फुलांपेक्षा गाड्याच जास्त बघायला मिळतात. पुढं बामणोलीला रेंजचा भरवसा नाही, नकाशा घरच्या वायफायवर उतरवून घ्या आणि थोडी रोख रक्कम ठेवा. वासोट्याचा बेत पावसाळ्यात नाहीच, तो किल्ला तेव्हा बंद असतो. नंतर जायचं तर बामणोलीहून कोयनेच्या शिवसागर जलाशयात लाँच, वन विभागाची परवानगी आणि ओळखपत्र, आणि अंधाराच्या आत परत. ओल्या जंगलात जळवा लागतात. लागलेली जळू ओढायची नाही, मीठ किंवा तंबाखूचं पाणी टाकलं की आपण होऊन सुटते.

पायरी ८ : दिवाळीनंतर उसाच्या गाड्या

पाऊस गेला, रस्ते कोरडे झाले, आता निर्धास्त, असं वाटायला लागतं तेव्हाच कारखान्यांचं गाळप सुरू होतं. शेंद्रेपासून कऱ्हाड-ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर) पर्यंत रात्री ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर आलेली उसाची टोकं आणि बैलगाड्यांची रांग. बऱ्याच ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो. त्यामुळं रात्री वेग इतकाच ठेवा की आपल्या डिपरच्या उजेडात गाडी थांबली पाहिजे. समोरच्या गाडीच्या लाइटमध्ये मध्येच काही काळं झाकोळलं, तर तिथं ट्रॉली आहे असं धरून चाला. ओव्हरटेक करताना पहिल्या ट्रॉलीच्या पुढं दुसरी आणि तिच्या पुढं ट्रॅक्टर असतो, ती सगळी लांबी हिशोबात धरा. रस्त्यावर सांडलेल्या उसावर ब्रेक मारू नका, चाक सरकतं. आणि तुमची स्वतःची गाडी रात्री बंद पडली तर त्रिकोणी पाटी गाडीला टेकवून ठेवू नका. चांगली पन्नास पावलं मागं जाऊन ठेवा, माणसांना रस्त्याच्या बाहेर उभं करा आणि मगच बॉनेट उघडा.